शहागंजचा हौद आणि हक्काचे पाणी

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सय्यद हुसेन अली खान दख्खनचा सुभेदार होता. दिल्लीच्या तख्तावर बादशहा बसवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या सय्यद बंधूंपैकी हा धाकटा. त्याच्या कारस्थानांची यादी लांबलचक आहे, पण इतिहासकार खाफी खानाने त्याच्या खात्यावर एक वेगळी गोष्ट जमा केली आहे. औरंगाबादेत शहागंजला एक मोठा हौद त्याने बांधायला घेतला. पुढे इवज खानाने तिथल्या इमारती वाढवल्या आणि मशीद उभी केली; तरी मूळ कर्ता हुसेन अलीच, आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की लोकांचे हाल या हौदामुळे कमी होतात, असे खाफी खान आवर्जून नोंदवतो.

शहागंजची मशीद आजही उंच जोत्यावर उभी आहे. तिच्या बाहेरच्या तीन बाजूंना दुकाने आहेत, चौथ्या बाजूने पायऱ्या चढून आत जावे लागते. जवळच निजामकाळातला घड्याळाचा मनोरा, महात्मा गांधींचा पुतळा, फळांच्या हातगाड्या आणि रमजानच्या महिन्यात पाय ठेवायला जागा नसलेला बाजार. थोडे चालले की राजाबाजार आणि तिथे शहराचे ग्रामदैवत, संस्थान गणपती. छत्रपती संभाजीनगर या नव्या नावाच्या शहरातला हा जुना गाभा. देवाच्या नावाने देणारे, देवाच्या नावाने मागणारे आणि देवाच्या नावाने भांडणारे, असे तिघेही या एका चौकात भेटतात.

गरिबीचे काय करायचे, हा प्रश्न सरकारच्या आधी धर्मांनी विचारला. सदावर्त, लंगर, खानकाह, धर्मशाळा, मिशनचा दवाखाना ही त्याची जुनी उत्तरे. आधुनिक राज्य आले, कर आला, अंदाजपत्रक आले आणि हे सगळे आपोआप मागे पडेल अशी अनेकांची समजूत होती. तसे झाले नाही. महाराष्ट्रातल्या रोजगाराच्या हमीपासून पाणलोट विकासापर्यंत, अनुसूचित जातींच्या यादीपासून रुग्णालयातल्या राखीव खाटांपर्यंत, सरकारी धोरणाच्या पोटात कुठे ना कुठे श्रद्धेचा हात लागलेला दिसतो. कधी तो हात मदतीचा असतो, कधी अडवणारा. या विषयाची ओळख करून घेताना एक कसोटी जवळ ठेवावी लागते: घेणाऱ्याला मागण्याचा अधिकार मिळाला का, की देणाऱ्याच्या मर्जीवरच सगळे राहिले? सय्यद हुसेन अलीचा हौद चांगलाच होता. पण तो कोरडा पडला असता तर शहागंजच्या माणसाने दाद कुठे मागायची, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

या दृष्टीने पाणचक्की हे शहागंजहून फार दूर नसलेले उदाहरण पाहण्यासारखे आहे. पर्यटक तिथे पडते पाणी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याचे हे आवार. शहराबाहेरच्या टेकड्यांतून खापराच्या नळांनी पाणी आणायचे, ते उंचावरून पाडून जाते फिरवायचे आणि त्या पिठावर यात्रेकरू, फकीर, विद्यार्थी, अनाथ यांचे पोट भरायचे, अशी अठराव्या शतकातली ही योजना. दानधर्मात यंत्र आणणारा हा विचार त्या काळाच्या मानाने फारच पुढचा म्हणावा लागेल. एकदा चक्की बसवली की रोज कुणाच्या दयेची वाट पाहायला नको. आणि मालमत्ता वक्फ झाली, म्हणजे देवाच्या नावे कायमची दिली गेली, की ती विकता येत नाही, तिचे उत्पन्न ठरलेल्या कामालाच लागते.

आज याच आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आहे. तेही योगायोगाने नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथल्या मशिदी, दर्गे आणि त्यांच्या सेवेकऱ्यांना जमिनी इनाम होत्या. त्यामुळे राज्यातल्या वक्फ जमिनींचा मोठा भाग याच विभागात आहे. पूर्वी मराठवाड्यासाठी स्वतंत्र वक्फ मंडळ होते, २००२ साली संपूर्ण राज्याचे एक मंडळ झाले. प्रश्न असा की इतकी जमीन असून गरीब मुसलमानाच्या पदरात काय पडते? मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या २००६ च्या सच्चर समितीने देशभराचा हिशोब मांडला तो झोंबणारा होता. ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ, सुमारे ६ लाख एकर जमीन आणि वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये. नीट वापर झाला तर हेच उत्पन्न वर्षाला १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकते, असा समितीचा अंदाज होता. मधला फरक गेला अतिक्रमणात, नाममात्र भाड्यात, मुतवल्लींच्या, म्हणजे वक्फच्या व्यवस्थापकांच्या मनमानीत आणि सरकारी खात्यांनीच बळकावलेल्या जागांमध्ये. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर देशभर वाद झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. मंडळावर कोण बसणार यावर दोन्ही बाजूंनी जितके बोलले गेले, त्याच्या दशांशानेही विधवा, अनाथ आणि विद्यार्थी यांना किती मिळणार यावर बोलले गेले नाही.

जकातीचे गणित तुलनेने सरळ. निसाबाच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या वर असलेली संपत्ती एक चांद्रवर्ष हातात राहिली की तिच्यावर अडीच टक्के. ती कोणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात सांगितलेले आहेत. त्यांत फकीर आणि गरजू आहेत तसे कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. एक वर्ग तर जकात गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे. म्हणजे प्रशासनाचा खर्चसुद्धा धरलेला! मुळात ही कल्पना संघटित वसुली आणि वाटपाची होती. आज बहुतेक ठिकाणी ती घरोघरच्या वाटपापुरती उरली आहे, आणि ज्याच्या दारात मागणारा पोहोचतो त्यालाच मिळते.

धर्माच्या प्रेरणेने दिलेले दान आणि राज्याने केलेला कायदा यांची गाठ एकाच काळात, एकाच राज्यात पडल्याचे ठळक उदाहरण जुन्या हैदराबाद संस्थानात सापडते. औरंगाबाद तेव्हा त्याच राज्याचा भाग होते. संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे दीक्षा घेतलेले संन्यासी. मात्र भगवी वस्त्रे घेण्याआधी त्यांनी ना. म. जोशी यांच्यासोबत कामगार चळवळीत काम केले होते, आणि मठात बसून राहण्यापेक्षा जहागिरदारी आणि कुळांचे हाल यांच्यावर बोलणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. संस्थान भारतात आल्यानंतर १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली कूळ कायदा आला. १८ एप्रिल १९५१ रोजी त्याच राज्यातल्या पोचमपल्ली गावात विनोबा भावे यांच्यापुढे दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमिनीची गरज सांगितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. भूदान तिथे सुरू झाले. देणाऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर विनोबांचा भर होता, कूळ कायद्याचा भर सातबाऱ्यावरच्या नोंदीवर. भूदानाने देश हलवला यात शंका नाही. गावोगाव पायी फिरून जमीन मागणारा माणूस आणि ती देणारा जमीनदार असे दृश्य याआधी कोणी पाहिले नव्हते. पण दानात आलेली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वादात अडकली, काही कागदावरच राहिली. कूळ कायद्यातही पळवाटा निघाल्याच. तरी ज्या कुळाचे नाव लागले त्याच्या नातवाला आज कोर्टात उभे राहता येते.

मराठी माणसाला या विषयाची सगळ्यांत जुनी गोष्ट शाळेच्या आधीच कळते, ती कीर्तनातून. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे फोडून धान्य वाटले, बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली. कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातले प्रशासन बघण्यासारखे आहे. धान्य आहे, कोठार आहे, कुलूप आहे, उपाशी लोक आहेत, आणि कुलूप उघडण्याचा नियम नाही. म्हणून चांगल्या अधिकाऱ्याला गुन्हेगार व्हावे लागते आणि तिजोरीचा हिशोब जुळवायला देवाला यावे लागते.

देवाने न येताही हा हिशोब जुळावा, यासाठी महाराष्ट्राने एक कायदा केला. वि. स. पागे हे गांधी आणि सर्वोदय यांच्या संस्कारातले, विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांची कल्पना आधी छोट्या प्रमाणावर आजमावली गेली: जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते त्याच्या गावाजवळ द्यायचे. मग १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यात त्याच्या आठवणी अजून निघतात. लाल मिलो ज्वारी, खडी फोडणारी अख्खी कुटुंबे, डोक्यावरची पाटी. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकार भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया होता, म्हणजे नगण्यच. पण काम न देणे ही सरकारची चूक आहे हे त्या एका रुपयाने कबूल केले. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

त्यासाठी पैसा कुठून आणला ही बाब फारशी सांगितली जात नाही. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार माणसाच्या पगारातून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये आजही कापले जातात, ते मुळात या हमीसाठी. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहणारा बँक कर्मचारी पैठण तालुक्यातल्या मजुराच्या कामाचा वाटेकरी आहे, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. अडीच टक्के जकात देणारा निदान आपण काय देतो हे जाणून असतो. सरकारने आपल्या सगळ्यांत चांगल्या योजनेची ओळख करदात्यालाच करून दिली नाही, ही खंत बाळगावी अशीच गोष्ट आहे.

आतापर्यंतची उदाहरणे देणाऱ्यांची. घेणाऱ्याने पाण्याला हात घातला तेव्हा काय झाले ते महाडला दिसले. सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागे हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर सवर्णांनी लोकांना मारहाण केली, मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. श्रद्धेची ही दुसरी बाजू लपवून या विषयावर लिहिता येत नाही. ज्या परंपरेने पाणपोया घातल्या, तिनेच पाणवठे बंद ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला, तोपर्यंत दहा वर्षे गेली होती.

बाबासाहेबांनी धर्म टाकून दिला नाही, त्यांनी धर्म बदलला. आणि बदलण्याआधीच त्यांच्या सार्वजनिक कामात बौद्ध विचाराच्या खुणा दिसू लागल्या होत्या. शहागंजपासून रिक्षाने थोडक्यात गाठता येईल अशा नागसेनवनात याचा पुरावा उभा आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन: प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि उत्तरे देणारा भिक्खू. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादेकडे तोंड करून बसलेल्या मराठवाड्यात हे घडत होते, विद्यापीठ येण्याच्या आठ वर्षे आधी. वाड्या-वस्त्यांवरून पायी आलेली पहिली पिढी इथे शिकली आणि पुढे तिच्यातून प्राध्यापक, कवी, अधिकारी, दलित पँथरचे कार्यकर्ते निघाले.

याच सोसायटीच्या हाती १९४९ साली पंढरपूरची एक इमारत आली होती. गाडगेबाबांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा. स्वतः देवळात न जाणारा, हातात खराटा घेऊन गाव झाडणारा हा कीर्तनकार वारीत आलेल्या दलितांच्या मुक्कामासाठी धर्मशाळा बांधतो, आणि तिची किल्ली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकतो! इमारतीवर आपले नाव, आपली गादी, आपले वारस असे काही मागे ठेवायचे नसते, हे गाडगेबाबांना जसे उमगले तसे फार थोड्या धर्मसंस्थांना उमगले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दोन वर्षे आधी आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. राज्यघटना घडवणाऱ्याने हे म्हणणे लहान गोष्ट नाही. पण धोरणाने या धर्मांतराला काय दिले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. शिखांना १९५६ साली तो मिळाला. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राची दारे उघडायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे एका पिढीने समतेसाठी धर्म बदलला म्हणून आपल्या मुलांच्या केंद्रीय नोकऱ्यांवर पाणी सोडले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी तो दरवाजा अजून बंदच आहे. त्या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग केंद्राने २०२२ साली नेमला. ज्या धर्मात जात नाही, त्या धर्मात गेलेल्याची जातही गेली, असे हे तर्कशास्त्र. गावातल्या विहिरीवर ते कोणी मान्य करत नाही.

शेजारच्या जालन्यात हाच गुंता दुसऱ्या टोकाने सोडवण्याचा प्रयत्न झाला. शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. इस्लाममध्ये सगळे सारखे हे तत्त्व म्हणून ठीक, पण विणकर, कसाई, पिंजारी, बागवान यांची रोजची अवस्था अशराफ, म्हणजे उच्चकुलीन मानल्या जाणाऱ्या घराण्यांसारखी नाही, हे उघडपणे म्हणणे समाजात अनेकांना रुचले नाही. १९९४ साली महाराष्ट्र सरकारने या मुस्लिम जातींना ओबीसी सवलतींचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. सगळ्या मुसलमानांसाठी सरसकट आरक्षण मागण्यापेक्षा हा रस्ता टिकाऊ ठरला. २०१४ साली वटहुकमाने दिलेले पाच टक्के आरक्षण काही महिन्यांत विरून गेले. ओबीसींच्या यादीतले बागवान अजून यादीत आहेत.

जालन्याला आणखी एक जुनी कहाणी आहे. नारायण शेषाद्री या धर्मांतरित ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवाण सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले. मांग आणि महार समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना तिथे घर आणि शेती मिळाली. मिशनच्या कामावर आमिषाचा आरोप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो सगळाच खोटा नव्हता. पण ज्याच्या सात पिढ्यांना जमीन कधी मिळाली नाही, त्याला जमीन देणे हे आमिष आणि गावाबाहेर ठेवणे ही परंपरा, असे म्हणायला जरा धीर लागतो.

शतकभराने ख्रिस्ती प्रेरणेचे एक वेगळे रूप दिसले, आणि त्यात धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. हर्मन बाकर हे स्वित्झर्लंडमधून आलेले जेसुइट पाद्री अहमदनगर जिल्ह्यात राहिले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला. धान्य वाटून भागत नाही, पावसाचे पाणी जिथे पडते तिथेच अडवले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९८९ च्या सुमारास जर्मन सरकारचा निधी, नाबार्डची यंत्रणा आणि गावांची समिती असा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्याला बळ द्यायला १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था निघाली. अटी कडक होत्या: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि आधी माथ्यावरचे काम, मग पायथ्याचे. जालना जिल्ह्यातले कडवंची गाव याच कार्यक्रमात आले, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने. बांधबंदिस्ती आणि शेततळ्यांवर तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. १९९९ साली केंद्राच्या अंदाजपत्रकातून नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी आला, तेव्हा हा अनुभव हाताशी होता. शेततळ्यांवरून नंतर वाद झाले, भूगर्भातले पाणी उपसून तळी भरण्यावर टीका झाली. ती रास्तच आहे. तरीही धर्मातून आलेली कळकळ तंत्रज्ञानाच्या, बँकेच्या आणि ग्रामसभेच्या भाषेत कशी बोलायला शिकते, याचा याहून चांगला नमुना मराठवाड्यात सापडणार नाही.

पाण्याचा विषय निघाला की शहराची गोष्ट टाळता येत नाही. संभाजीनगरची तहान भागते ती पैठणच्या जायकवाडी धरणातून. १९७६ साली पूर्ण झालेल्या या जलाशयाला एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नाव समर्पक आहे. वाटपाचे मात्र तसे म्हणता येणार नाही. २०१९ साली १६८० कोटींची नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली, खर्च पुढे २७४० कोटींवर गेला, आणि त्या सगळ्या काळात अनेक वस्त्यांना पाण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहावी लागली. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, गांधीनगर, राजाबाजार, शहागंज या पट्ट्यात दंगल उसळली. बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या मोहिमेवरून ठिणगी पडल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले. एका धार्मिक स्थळाची जोडणी तोडली, दुसऱ्याची का नाही, अशी कुजबुज सुरू झाली. दुकाने जळाली, दोघांचा जीव गेला. महापालिकेने कोणाला किती पाणी द्यायचे याचा हिशोब उघड ठेवला असता तर अफवेला इतकी जागा मिळाली नसती. टंचाई असली की श्रद्धा गटात वाटली जाते आणि गरीब हिंदू व गरीब मुसलमान एकाच टँकरसाठी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. मुबलक पाणी मिळणाऱ्या कुठल्याही धनाढ्य वस्तीत नळावरून दंगल झाल्याचे ऐकिवात नाही.

शहागंजच्या हातगाड्यांचा प्रश्न आणखी बारीक आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला ओळखपत्राचा आणि जागेचा हक्क दिला, २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेने दहा हजारांचे पहिले कर्ज दिले. कर्जावर व्याज आहे, त्यातले सात टक्के सरकार परत करते. ज्याला श्रद्धेने व्याज निषिद्ध आहे, त्याने काय करायचे? रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले होते. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. सर्वांना सारख्या संधी आहेत, असे कारण त्यावेळी पुढे आले. संधी सारख्या असतीलही. गाडीवाल्याला मात्र शेवटी सावकाराकडेच जावे लागते, आणि तो बिनव्याजी देत नाही.

संतांची नावे योजनांना देणे सोपे असते. २००० साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा नावाला शोभेल असे काम झाले. गावागावांत स्पर्धा लागली, उकिरडे हलले, संडास बांधले गेले. गाडगेबाबांच्या कीर्तनातली नवस-सायासांवरची टीका मात्र त्या अभियानाच्या पोस्टरवर आली नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. २००४ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालणाऱ्या या संस्थानाचा पैसा रुग्णालयाला जातो, आणि निळवंडे कालव्यासाठी पाचशे कोटी बिनव्याजी देण्याचाही निर्णय झाला. भक्ताने बाबांच्या झोळीत टाकलेला रुपया कालव्यात जावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. पण विश्वस्त राजकीय पक्षांच्या वाटणीतून नेमले जाणार असतील तर तिसरे मतच उरत नाही. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मंडळाची नेमणूक रद्द केली.

धर्मादाय संस्थांना जाब विचारणारी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचे कलम ४१ अअ आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना. मंदिराच्या, मिशनच्या, उद्योगपतीच्या किंवा कुठल्याही समाजाच्या नावावर नोंदलेले धर्मादाय रुग्णालय असो, त्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची आहे. करसवलत आणि सवलतीची जमीन घेतली, त्याची ही परतफेड. संभाजीनगरात अशी रुग्णालये आहेत. घरातल्या कोणाला दाखल करायची वेळ आली तर रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा, रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून राखीव खाट स्पष्ट शब्दांत मागावी, आणि ती नाकारली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. तिथे हात जोडण्याची गरज नाही.